फिट हाय का न्हाय

फिट येणाऱ्या माणसानं विमानात बसायच्या आधी काय काय करावं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? आमच्या घरात तो शब्दच काढायचा नाही असा दंडक होता. म्हणून आता मीच लिहितेय. आजाराला दुसरंच नाव देऊन मसाल्याच्या डब्यात गोळ्या लपवणाऱ्या ज्या कुणी बाया असतील, त्यांनी हे वाचावं. त्यांच्या नवऱ्यांनी तर जरूर वाचावं, पण ते वाचणार नाहीत, हे मला माहीत आहे.

लिहिताना मी रागात आहे. तेवढं सोसून घ्या.

डेअरीवर

मी पणदऱ्याची. घरी ऊस आणि चार गाई. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी डेअरीवर दूध घालायला गेले होते. रांगेत माझ्यापुढं दोघंजण होते, एवढं आठवतं. डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर आडवी होते, पदर दुधात भिजलेला आणि नाकाशी चप्पल. जीभ चावली गेली होती. साडी खाली ओली होती आणि ती नुसती दुधानं नव्हती, हे माझ्या आधी सगळ्या रांगेला कळलं होतं.

ती चप्पल कुणाची ते मला ठाऊक आहे. तो माणूस आजही रस्त्यात भेटला की म्हणतो, "वैनी, त्या दिवशी मी हुतो म्हणून." मी हसते. खरं तर त्यानं मला कुशीवर वळवून, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवून गप उभं राहायला हवं होतं. चप्पल नाही, कांदा नाही, दातात चमचा तर मुळीच नाही. हे कुणाला सांगायला गेलं की लोक आपल्याकडं दया आल्यासारखं बघतात.

बारामतीच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला लावला. फोटो उजेडासमोर धरून ते म्हणाले, "मावशी, ही फिट आहे. मेंदूत एक जुना डाग आहे, तिथून येते. गोळ्या चुकवल्या नाहीत तर बहुतेकांचं सगळं नीट चालतं."

मी विचारलं, "धार काढू का?"

"काढा. पण एकट्यानं नको. विहिरीवर एकट्या जाऊ नका, चुलीपाशी जपून."

आमच्या मालकांनी एकच विचारलं. "डाक्टर, आईचं ह्ये लेकीला हुतं का?"

"नाही. ही डागाची फिट आहे, वारशाची नाही."

इतकं स्पष्ट उत्तर मिळालं होतं. तरी बाहेर गाडीपाशी आल्यावर मालक म्हणाले, "फिट म्हणायचं न्हाय कुणाला. चक्कर म्हणायचं. अश्विनीचं लगीन व्हायचंय." मी मान डोलवली. तेव्हा मलाही ते शहाणपणाचं वाटलं होतं, हे लिहिलं नाही तर मी खोटी ठरेन.

त्या दिवसापासून गोळ्या भिगवणहून यायला लागल्या, कारण बारामतीतला मेडिकलवाला ओळखीचा होता. घरी आल्यावर मालक पाकिटं फाडून गोळ्या सुट्ट्या करायचे आणि वेलदोड्याच्या डबीत भरायचे. सहा वर्षं माझ्या औषधाला वेलदोड्याचा वास येत होता.

गुडघे

दोन वर्षांपूर्वी अश्विनीचं लग्न झालं. एकुलती एक लेक. सासर इंदापूरचं, घरची डाळिंबाची बाग, जावई बेंगळुरूला नोकरीला. स्थळ चांगलं होतं म्हणून भीतीही तेवढीच मोठी होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी मालक म्हणाले, "कन्यादानाला तू बसू नगं. जागरण, धूर, गर्दी. मधीच पडलीस म्हंजी?"

"मग कोण बसणार?"

"धाकटा आन् त्येची मंडळी."

माझ्या लेकीचं कन्यादान माझ्या धाकट्या जावेनं केलं. मी पुढच्या रांगेत खुर्चीवर बसून बघत होते. लोकांना कारण दिलं गुडघ्यांचं, खाली बसवत नाही म्हणून. सगळ्यांना ते पटलं. आमच्याकडं पंचेचाळिशीच्या बाईचे गुडघे दुखत नसतील तरच लोकांना शंका येते.

अश्विनीला सगळं माहीत होतं. तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. मीही सांग म्हटलं नाही.

विहीणबाई मोठ्या मनाच्या. प्रत्येक सणाला गुडघ्यांसाठी तेलाची बाटली पाठवायच्या. तेल खरंच गुणाचं होतं. मी ते मालकांच्या गुडघ्यांना चोळायचे.

तिकीट

अश्विनीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे ठरलेलंच. पण सातव्या महिन्यात तिचा रक्तदाब वाढला आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. मग लेक माहेरी येत नाही तर माहेरानंच तिच्याकडं जायचं ठरलं. मी सव्वा महिना राहणार होते. विहीणबाई बारशापर्यंत आणि मालक दोन दिवस. जावयांनी तिघांची विमानाची तिकिटं काढली. माझ्या नावापुढं आठवणीनं व्हीलचेअर मागितली, सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून. भला पोरगा आहे.

मला दुसरं काही नको होतं. कळा सुरू होतील तेव्हा लेकीच्या उशाशी आपण असावं, एवढंच. कन्यादान हुकलं होतं, हे हुकू द्यायचं नव्हतं.

आणि तिथंच मी चुका करायला लागले. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेपा, बाळाची दुपटी, सगळं माझ्याच हातचं हवं. चार दिवस झोप अर्धी झाली. त्यात संकष्टीचा कडक उपवास धरला आणि त्या गडबडीत सकाळची गोळी राहिली. विमानाच्या नऊ दिवस आधी, दुपारी, ओट्यापाशी फिट आली. कोपर फुटलं, बाकी काही नाही.

मी म्हटलं, "डाक्टरास्नी इचारू या का, इमानात बसू का म्हणून?"

"इचारलं की ते नगं म्हणणार. कशाला सुखाचा जीव दुखात घालायचा?" मालक म्हणाले.

इथं थांबून सांगते. विचारा. डॉक्टर सहसा नको म्हणत नाहीत. ते फार तर गोळी वाढवतात, आठ-पंधरा दिवस थांबा म्हणतात, एक पत्र देतात. आम्ही ते पत्र मागायलाच गेलो नाही. माझी फाईलसुद्धा मालकांनी घरी ठेवायला लावली. बॅग उघडली आणि विहीणबाईंच्या नजरेला पडली तर, म्हणून.

काउंटर

आम्ही पहाटे पणदऱ्याहून निघालो, विहीणबाई इंदापूरहून त्यांच्या गाडीनं आल्या. पुण्याच्या विमानतळावर गाठ पडली. त्यांनी नवी पैठणी नेसली होती आणि माझा हात धरून मला हळूहळू चालवत होत्या. मी खोटं खोटं लंगडत होते.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती, बोलायला नीट, मराठीच. तिनं समोरच्या पडद्यावर बघून विचारलं, "व्हीलचेअर कुणासाठी?"

"हिच्यासाठी. गुडघं," मालक म्हणाले.

"ओके. बाकी मॅडम फिट आहेत ना?"

अगदी सहज विचारलं तिनं. तिला म्हणायचं होतं, प्रकृती ठणठणीत आहे ना. पण या माणसानं सहा वर्षं तो शब्द गावात, पाहुण्यांत, मेडिकलात कुठं फुटू दिला नव्हता. आणि आता तो एक अनोळखी पोरगी सगळ्यांसमोर उच्चारत होती, मागं विहीणबाई उभ्या असताना. मालकांचा चेहरा पडला.

"न्हाय न्हाय! फिट न्हाय!"

"फिट नाहीत?" मुलगी थबकली.

"न्हाय म्हंतोय न्हवं! फिट-बिट कायबी न्हाय हिला. कुणी सांगितलं तुमाला?"

"सर, सांगितलं नाही कुणी, मी विचारतेय. फिट नसतील तर डॉक्टरांचं पत्र लागेल."

"आवो, फिट न्हाय तर पत्र कशाला? फिट असली तर पत्र लागंल!"

"उलटं आहे सर. फिट असतील तर पत्राची गरज नाही."

मालक गोंधळून माझ्याकडं बघायला लागले. "म्हंजी फिट आसली तर चालतंय व्हय?"

मला घोळ कळला होता. आज आठवलं की हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. दोन शब्द बोलले असते, 'अगं, माझी तब्येत बरी आहे,' तर तिथल्या तिथं मिटलं असतं. पण आमच्या घरात माझ्या आजाराविषयी बोलायचं काम माझं नव्हतं, मालकांचं होतं. मी सवयीनं गप्प राहिले.

आणि मागून विहीणबाईंचा आवाज आला. "पावणं, ताईस्नी फिट येती व्हय?"

मालक बॅगेची चेन लावायला लागले. तेवढ्यात मुलीनं आतून एका वरिष्ठ साहेबांना बोलावलं होतं. त्यांनी शांतपणे विचारलं की औषधं कोणती चालू आहेत. मी पिशवीतून डबी काढून दिली. त्यांनी झाकण उघडलं, आतल्या नावगाव नसलेल्या पांढऱ्या गोळ्या पाहिल्या आणि वेलदोड्याचा वास त्यांनाही आला असावा. "याची चिठ्ठी, पाकीट, फाईल काही?" काहीच नव्हतं.

मग ते मालकांना सोडून माझ्याकडं वळले. "ताई, तुम्हाला फिट येते का? शेवटची कधी आली?"

सहा वर्षांत डॉक्टर सोडून कुणी हे मला, माझ्याकडं बघून, विचारलं नव्हतं. मी मालकांकडं पाहिलं. ते फरशीकडं बघत होते.

"येते," मी म्हटलं. "नऊ दिवस झाले."

साहेब म्हणाले, "आम्ही अडवत नाही. तुमच्या डॉक्टरांचं पत्र आणा, पुढच्या विमानानं खुशाल जा. पण इतक्यात येऊन गेलीय आणि हातात काहीच कागद नाही, तर आज बसवता येणार नाही." बारामतीला फोन लावला. डॉक्टर पेशंट तपासत असावेत, फोन उचलला नाही. परत लावला, परत लावला. काउंटर बंद व्हायची वेळ झाली. त्या साहेबांवर माझा राग नाही, नियम कंपनीगणिक थोडेफार वेगळे असतात आणि ते आम्ही आधी विचारून घ्यायचे होते.

विहीणबाई माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई, आमी काय खाल्लं असतं व्हय तुमाला? सांगायचं तरी." मग मालकांना म्हणाल्या, "लग्नात गुडघं. आजबी गुडघं. मी येडी तेल धाडत बसले."

जाताना त्यांनी हात पुढं केला. "लाडवाचा डबा द्या. पोरीला लागतील."

मी डबा दिला. लाडू बेंगळुरूला गेले आणि मी राहिले. मालकही राहिले, त्यांना एकट्यानं जायचं धाडस झालं नाही.

व्हीलचेअर घेऊन आलेला कर्मचारी इतका वेळ बाजूला उभा होता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, बसा. बाहेरपर्यंत सोडतो." माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं, तरीही मी बसले. त्यानं काही विचारलं नाही, गाडी येईपर्यंत थांबला. त्या दिवसातलं तेवढंच मला बरं आठवतं.

 परतीच्या वाटेवर चौफुला आल्यावर मालक म्हणाले, "तुला न्हाय म्हणाया काय झालं हुतं?"

"तुमी म्हणला की. धा येळा," मी म्हटलं.

लांबून

पाचव्या दिवशी अश्विनी मोकळी झाली. मुलगी. उशाशी विहीणबाई होत्या. मी गोठ्यात होते, जावयांचा फोन आला तेव्हा. ते नीट बोलले, फक्त 'आई' म्हणायच्या ऐवजी 'अश्विनीच्या आई' म्हणाले.

अश्विनीचा फोन संध्याकाळी आला. आवाज थकलेला. मला वाटलं रडेल, मीही रडून घेईन.

"आई, तू खरं कशाला सांगितलंस?"

"विचारलं त्यांनी."

"आता ह्यांना वाटतं मी पण फसवलं." मग म्हणाली, "फसवलंच ना मी."

त्यानंतर रोज व्हिडिओवर बाळ दिसायचं. बाळच दिसायचं. अश्विनीनं फोन असा धरलेला असायचा की तिचा चेहरा येऊ नये. ते मुद्दाम होतं की हात दुखत होता, हे मी कधी विचारलं नाही. मालकांना तर हे जाणवलंही नाही, ते "नाक कुणावर गेलंय" म्हणत बसायचे. मला त्यांचा इतका राग यायचा की मी उठून गोठ्यात जायचे. आणि मग स्वतःचा यायचा, कारण डबी त्यांनी भरली तरी सहा वर्षं तिच्यातूनच मुकाट गोळ्या मी घेतल्या होत्या.

पत्र

मी एकटी एसटीनं बारामतीला गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग फाईल पुढं ओढली. गोळी थोडी वाढवली. "दोन आठवडे काही झालं नाही तर पत्र देतो. एवढं साधं होतं मावशी," ते म्हणाले. एवढं साधं होतं, हे ऐकणं फार जड गेलं.

तर आता ज्यांना जायचंय त्यांनी ऐकावं. तिकीट काढतानाच कंपनीला फोन करून आजार सांगा आणि कुठला कागद लागतो ते विचारून घ्या. पत्रावर आजाराचं नाव, गोळ्यांची नावं आणि 'प्रवास करू शकतात' हे वाक्य असायलाच हवं, शिक्का आणि अलीकडची तारीखही. गोळ्या त्यांच्या पाकिटातच ठेवा, दोन-चार दिवसांच्या जास्त घ्या आणि जवळच्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका, बॅग चुकली की गोळ्याही चुकल्या. फार पहाटेचं विमान घेऊ नका. स्वस्त पडतं, पण झोप जाते आणि आपल्याला झोपेचं खोबरं परवडत नाही. उपवास धरू नका, देव समजून घेईल. व्हीलचेअर हवी असेल तर हक्कानं मागा, पण ज्या कारणासाठी हवी तेच कारण सांगा. आणि विचारलं तर आपण स्वतः उत्तर द्या. आपल्या वतीनं कुणाला बोलू देऊ नका, कितीही जवळचा असो.

दोन आठवडे नीट गेले, पत्र मिळालं. मालक बरोबर आले नाहीत. "तितं काय त्वांड दावू?" म्हणाले. मी म्हटलं, नका येऊ. दुपारचं विमान होतं. त्याच काउंटरवर या वेळी एक मुलगा होता. त्यानं काही विचारायच्या आत मीच बोलले. "मला फिट येते. पण प्रवासाला मी फिट आहे. हे पत्र."

त्यानं पत्र वाचलं, कुठंतरी नोंद केली आणि मला पुढच्या बाजूची जागा दिली. दोन मिनिटं लागली. त्या दोन मिनिटांसाठी मी लेकीचं बाळंतपण घालवलं होतं.

विमानातल्या मुलीलाही सांगितलं. ती खाली वाकून म्हणाली, "तुम्हाला झालंच, तर मी नेमकं काय करू?" मी तिला सांगितलं, कुशीवर वळव, घड्याळ बघ, तोंडात काही घालू नकोस, पाच मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टर आहे का विचार. तिनं मान डोलवली. जाता-येता दोनदा माझ्याकडं बघून हसली. खाली ढग होते की शेतं, मी काही पाहिलं नाही. डोळे मिटून बसले होते, झोप पुरी व्हावी म्हणून.

बेंगळुरू

जावई घ्यायला आले होते. त्यांनी माझी बॅग उचलली आणि गाडीनं घरी आणलं. दार विहीणबाईंनी उघडलं. मी नव्हते म्हणून त्या बारशानंतरही थांबल्या होत्या. टोमणा नाही, काही नाही. पाणी दिलं, "परवास नीट झाला का?" विचारलं. अश्विनी आतल्या खोलीत होती, बारीक झालेली, केस मागं बांधलेले. बाळ तिच्या खांद्यावर होतं. एकवीस दिवसांचं.

मी हातपाय धुतले, पदरानं हात पुसले आणि दोन्ही हात पुढं केले.

अश्विनीनं बाळ दिलं नाही. तिनं सासूकडं पाहिलं. विहीणबाईंनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

"आई," अश्विनी म्हणाली, "आधी खाली बस ना. गादीवर. भिंतीला टेकून."

बरोबरच होतं तिचं. निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला अगदी हेच सांगितलं होतं, बाळाला उभ्यानं घेऊ नका, खाली बसून घ्या. मी तिला तेच सांगणार होते. फक्त ते मी सांगणार होते.

मी खाली बसले. तिनं माझ्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या, समोर बसली आणि बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. बाळ ऊबदार होतं, झोपेत तोंड हलवत होतं. मी त्याच्या पाठीखाली हात घातला. तिथं आधीच अश्विनीचा हात होता. मी वाट पाहिली. तिनं तो काढला नाही.